कवच नसलेला जावई

नातीला राजा-राणीच्या गोष्टी वाचून दाखवायच्या नाहीत, खऱ्याखुऱ्या माहितीचीच पुस्तकं वाचायची, असं ग्वाक आजोबांचं ठाम मत होतं. ठाम मत असण्याची त्यांच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ! एरवी भाजीवाल्याने "मुळा देऊ का?" विचारलं तरी "बायकोला विचारून येतो" म्हणणारा माणूस!

"राजा भेटतो कुठे हल्ली?" ते म्हणत. "खेकडा भेटतो! आणि प्रत्येक नव्या शब्दाला घरातलंच उदाहरण द्यायचं. मग शब्द असा चिकटून बसतो..."

"उदाहरणं सगळी माझ्यावरच देता ना पण!" बोक-सुन आजी म्हणायची.

तिचं काही चुकत नव्हतं. दा-ओनने बालवाडीत जाहीर केलं होतं, की आमची आजी दबा धरून बसते आणि आजोबांनी फ्रिज उघडला की झडप घालते. वाळवलेला माकूळ मासा चघळत बसणाऱ्या शेजारच्या काकू रवंथ करतात. "मुलीची शब्दसंपत्ती थक्क करणारी आहे," असा बाईंचा निरोप आला. आजोबा आठवडाभर जमिनीवर नव्हते!

त्यातच आजोबांच्या धाकट्या मुलीचं, हे-रीमचं लग्न ठरायची वेळ आली. तोंग-उक तिने स्वतःच पसंत केलेला. आता दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी एकत्र जेवायचं, वाकून वाकून कंबर मोडून घ्यायची आणि होकार द्यायचा, एवढंच बाकी होतं. अडचण एकच. रीतीप्रमाणे राहायला घर मुलाकडच्यांनी द्यायचं असतं, आणि तोंग-उककडे घर नव्हतं.

"आज 'घर' हा शब्द कोणी तोंडातून काढायचा नाही!" हे-रीमने निघताना बजावलं. "त्याच्या आईला तो शब्द मिरचीसारखा झोंबतो. ती उठून गेली तर सगळं संपलं! दा-ओन, तूसुद्धा. काय म्हणायचं नाही?"

"घर म्हणायचं नाही, आत्या."

"शहाणी गं माझी!"

दा-ओनचे आई-बाबा दोघेही रुग्णालयात नोकरीला. त्या दिवशी दोघांची ड्यूटी होती, म्हणून तिला बरोबर न्यावंच लागलं.

कुन्सान बंदराजवळच्या त्या खाणावळीत सगळे इतके सभ्यपणे जेवत होते, की चॉपस्टिक्सही दबकत वाजत होत्या. हवा छान आहे, असं प्रत्येकाने आपापल्या पाळीने सांगून झालं. मग सोया सॉसमध्ये मुरवलेले खेकडे आले. बोक-सुनने गाबोळीने गच्च भरलेलं कवच निवडलं, त्यात गरम भात कालवला आणि मोठ्या मायेने तोंग-उकच्या ताटलीत ठेवलं.

"बरं केलंस आजी!" दा-ओन टाळी वाजवत म्हणाली. "आतोबांकडे स्वतःचं कवच नाहीच आहे!"

सगळ्या चॉपस्टिक्स हवेतच थांबल्या.

"काय नाही म्हणाली ही?" तोंग-उकच्या आईने विचारलं.

"कवच! आतोबा शंखखेकडा आहेत. शंखखेकड्याला अंगभर कवच येत नाही. मग तो दुसऱ्याच्या शंखात घुसतो. आजोबांनी उदाहरण देऊन शिकवलं!"

सगळ्या माना आजोबांकडे वळल्या. आजोबांना त्या क्षणी स्वतःलाच एखादा शंख हवा होता.

"दा-ओन!" हे-रीम किंचाळली.

"मी तो शब्द म्हटलाच नाही आत्या! घर नाही म्हटलं, कवच म्हटलं!"

"गैरसमज नको, विहीणबाई," आजोबा घाईघाईने म्हणाले. "फार गुणी प्राणी आहे तो. फक्त मागचं अंग जरा मऊ असतं..."

"माझ्या मुलाचं मागचं अंग मऊ?"

"आणि वाकडं. पण ते शंखात नीट बसावं म्हणून..."

"अहो, गप्प बसा!" बोक-सुन म्हणाली.

तोंग-उक बिचारा नकळत कंबर चाचपू लागला. त्याची आई ताडकन उठली, पर्स उचलली. तोही अर्धवट उठला आणि हँगरवरच्या कोटासारखा तसाच लोंबत राहिला. ना आईच्या मागे जाववेना, ना बसवेना! हे-रीमच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते पाहून आजोबांना वाटलं, आपण राजा-राणीच वाचायला हवे होते!

"अगं, बस. खेकडा संपायचाय अजून," तोंग-उकचे वडील म्हणाले. इतका वेळ ते एका नांगीशी झगडत होते. मग त्यांनी दा-ओनला विचारलं, "मोठा शंख सापडला की काय करतात गं ते?"

"ओळ लावतात! मोठा पुढे, छोटा मागे. सगळ्यात मोठा नव्या शंखात जातो. त्याच्या शंखात त्याच्या मागचा. त्याच्या शंखात त्याच्या मागचा. कोणी भांडत नाही!"

'थोडं भांडतात' असं आजोबांना सांगायचं होतं. बोक-सुनने आधीच चिमटा काढला.

"ऐकलंस?" वडील बायकोला म्हणाले. "गावाकडे आपलं एवढं मोठं घ... कवच रिकामं पडलंय! कधीचा म्हणतोय, तिकडे जाऊ, मिरच्या लावू. आपला फ्लॅट या पोरांना मोकळा!"

"मला वाकता येत नाही मिरच्या लावायला."

"तू उभी राहून ओरड. शेतीला तेही लागतं!"

विहीणबाईंनी हसू दाबलं, पण ते नाकातून निसटलं. पर्स खाली आली. "कोंबड्या मात्र पाळणार नाही," त्या म्हणाल्या आणि बसल्या.

हाच होकार! तोंग-उकने भाताचं कवच एका दमात संपवलं. बोक-सुनला तर स्फुरणच चढलं. "मग हे-रीमची खोली मोकळी होईल की! दा-ओनचे आई-बाबा येऊ देत तिथे. किती दिवस त्या भाड्याच्या काडेपेटीत राहणार?"

"आणि आजोबांच्या पुस्तकांच्या खोलीत मी!" दा-ओन ओरडली.

"वा! वा!" सगळ्यांनी एका सुरात म्हटलं. पहिल्यांदाच दोन्ही घराण्यांचं एकमत झालं होतं.

"आणि मी कुठे बसायचं वाचायला?" आजोबांनी विचारलं, इतक्या हळू की दा-ओनलाच तेवढं ऐकू गेलं.

ती विचारात पडली. "शेवटच्या खेकड्याला कधीकधी शंखच उरत नाही. मग तो बाटलीच्या झाकणात राहतो."

"काहीतरीच काय!" तोंग-उकचे वडील हसले.

"खरंच! पुस्तकात फोटो आहे. विचारा आजोबांना!"

सगळ्यांनी आजोबांकडे पाहिलं. त्यांनी मुकाट्याने मान डोलावली. फोटो होता. पानभर, रंगीत.