शब्द पुरवणारे डोमाभाऊ

डोमाभाऊंसमोर अडखळायची सोय नाही. तुम्ही श्वास घ्यायला थांबलात तरी ते पुढचा शब्द ओठ न हलवता तुमच्या कानात सोडतात. साकोलीच्या बँकेत एकदा मी खिडकीपाशी "मला जरा..." एवढंच म्हणालो, तर पाठीमागून आवाज आला, "क्षमा करा, महाराज." मी तेच म्हणालो. कॅशियरने क्षमा केली. पासबुक राहूनच गेलं.

डोमाभाऊ माझे शेजारी, आणि गेली पंचवीस-तीस वर्षं एका नाटक कंपनीत प्रॉम्प्टर. दिवाळी झाली की आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. नट आज या गावात, उद्या त्या. पाठांतराला वेळ कुठला? सगळी भिस्त विंगेत वही घेऊन बसलेल्या माणसावर.

नोकरी कशी आहे असं विचारलं की ते लगेच सुरू होतात. "मास्तर, कंपनीत फायदा असा का, राजाबी मले विचारल्याशिवाय बोलत नाई. तोटा असा का, टाळी त्याले भेटते." दुसऱ्या दिवशी नवा फायदा, नवा तोटा. "फायदा, गावोगावी पाहुणचार. तोटा, सारीकडे वांग्याचीच भाजी." एकदा मात्र म्हणाले, "मंडईले साऱ्याइचे पाहुणे घरी येतेत. मी घरून जातो." त्या दिवशी फायदा सांगायचा राहिला.

त्यांच्या पुतणीच्या लग्नात नवरदेव नाव घेताना अडला. डोमाभाऊंनी सवयीने शब्द पुरवला आणि त्या बिचाऱ्याने तो मुकाट्याने उचलला. नाव निघालं सुलोचनेचं, म्हणजे त्या हंगामातल्या नाटकाच्या नायिकेचं. नवरी प्रणाली ताटावरून उठून गेली. मांडवात गोंधळ चाललेला असताना डोमाभाऊ मला सांगत होते, "पोराची उचल चांगली हाये."

यंदा ऐन मंडईच्या तोंडावर त्यांच्या बायकोला, शेवंतावहिनींना, अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय सावरले, वाचा गेली. डॉक्टरांनी डोमाभाऊंना बजावलं, "शब्द त्यांचा त्यांना शोधू द्या. तुम्ही देत गेलात तर त्या शोधायचं सोडून देतील." हे ऐकून मला हसू आलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली. कंपनीची गाडी दारात आली तेव्हा डोमाभाऊंनी वही मालकाच्या हाती दिली. "यंदा दुसरा पाहा," एवढंच म्हणाले.

परवा सकाळी मी भाजीचा डबा घेऊन गेलो. वहिनी खाटेवर होत्या, डोमाभाऊ समोर पाटावर. बाहेरून नाटकाची जाहिरात करत ऑटो चालला होता. वहिनी तिकडे बघत "मं... मं..." करू लागल्या. शब्द मला कळला होता. राहवेना म्हणून मी तोंड उघडलं, तर डोमाभाऊंनी माझं मनगट घट्ट धरलं. ते स्वतः गमछ्याचं टोक दातात दाबून बसले होते. ऑटो लांब गेला तरी ते हलले नाहीत.

"मंडईले," शेवटी वहिनी म्हणाल्या. मग बराच वेळ गेला. "जा तुमी."

महिन्याभरातलं त्यांचं पहिलं वाक्य. डोमाभाऊंनी गमछा सोडला, काही बोलायला गेले आणि अडले. मी डबा खाली ठेवला. त्यांना सुचवायला विंगेत कोणी नव्हतं.