वानखेड्यांचं रविवारचं वेळापत्रक

आमच्या वारज्यातल्या सोसायटीत वानखेड्यांकडे रविवारी जाऊन बघा. बेल वाजवलीत की आतून आवाज येईल, "थांबा, पॅसेंजर येऊन राहिली." पॅसेंजर म्हणजे हातभर लांबीची खेळण्यातली गाडी. ती स्टेशनात शिरेपर्यंत तुम्ही जिन्यात. मी एकदा चांगला सात मिनिटं उभा होतो.

वानखेडे मूळचे यवतमाळकडचे. नोकरी केली औषधांच्या गोदामात; रेल्वेशी संबंध तिकिटापुरता. मुलगी सासरी गेल्यावर तिच्या खोलीत त्यांनी मोठ्या टेबलावर रूळ मांडले, दोन स्टेशनं उभी केली. मला वाटलं, गाडी गोल गोल फिरेल, आपण वा वा करू आणि घरी जाऊ. कसलं काय! पहिल्याच दिवशी हातात वेळापत्रक. भिंतीवरच्या घड्याळाचा एक तास आपल्या दहा मिनिटांत संपणारा. एका स्टेशनचा मास्तर मी, दुसऱ्याचे खालच्या मजल्यावरचे कुलकर्णी. मालगाडीवर आयटीतला निखिल, पॅसेंजरवर खुद्द वानखेडे. मधला मार्ग एकेरी. म्हणून मास्तरने एक पितळी चकती ड्रायव्हरच्या हातात द्यायची, पलीकडच्या मास्तरने ती परत घ्यायची. ती नसेल तर गाडी हलवायची नाही. सिमेंटचे डबे धक्क्याला लावायचे तर अर्धा तास जाई. आम्ही कुरकुरलो की वानखेडे म्हणत, "रेल्वे घाई करत नसते, बाप्पा." पण खरं सांगतो, मजा यायची. पॅसेंजर वेळेवर सुटली की मला दुपारचं जेवण गोड लागे.

एका रविवारी कुलकर्णी भज्यांत रमले आणि निखिलने चकती न घेताच मालगाडी सोडली. समोरून पॅसेंजर! दोन्ही इंजिनं नाकाला नाक लावून उभी. आम्ही पोट धरून हसलो. वानखेड्यांनी चौकशी बसवली. प्रत्येकाने लेखी खुलासा द्यायचा म्हणे. कुलकर्णी म्हणाले, "मी बायकोला आजवर खुलासा दिला नाही, तुम्हाला देतो होय?" आणि उठले. निखिल त्यांच्यामागे, त्याच्यामागे तणतणत मी. पुढचे दोन रविवार कोणी तिकडे फिरकलं नाही.

मला मात्र चैन पडेना. हा माणूस आता करतो तरी काय? बुधवारी दुपारी वर गेलो. दार उघडंच होतं. वानखेडे माझ्या खुर्चीत बसून चकती टेबलाच्या कडेला ठेवत होते. मग वळसा घालून ड्रायव्हरच्या जागी गेले, हात लांब करून तीच चकती उचलली, गाडी सोडली, आणि लगबगीने कुलकर्ण्यांच्या खुर्चीत जाऊन ती स्वतःकडूनच परत घेतली.

मला बघून ओशाळले. चौकशी रद्द केल्याचं सांगितलं. मग म्हणाले, "गाड्या काय, एकट्यानं चालतात साहेब. चकती तेवढी कोणाच्या तरी हातात द्यावी वाटते."

मला माझीच लाज वाटली. दोन जिने चढायचे होते फक्त, आणि मी पंधरा दिवस रुसून बसलो होतो. मी खुर्ची ओढली आणि हात पुढे केला. वानखेड्यांनी चकती माझ्या तळहातावर ठेवली, पण हात काही लगेच सोडला नाही.