मामलेदारांची आंघोळ

आमच्या शुभदाताई दर रविवारी सकाळी मामलेदारांना आंघोळ घालतात. आधी मामलेदार, मग तलाठी, शेवटी कोतवाल. हा क्रम मोडलेला मी दीड वर्षात एकदाच पाहिला. कोतवाल हातातून निसटून आपणहून टबात पडला होता. ताईंनी त्याला उचललं, कोरडा केला आणि मामलेदारांचं उरकेपर्यंत टॉवेलात गुंडाळून थांबवून ठेवलं. मग पुन्हा भिजवला. "क्रमानं, रेखा, क्रमानं," म्हणाल्या.

हे तिघे गिनीपिग आहेत. उंदीर म्हणावं तर फार मोठे, ससा म्हणावं तर लांब कान नाहीत, आणि शेपटीच्या नावानं शून्य. ताईंना खरं तर फेरेट पाळायचं होतं. मुंगसाच्या जवळच्या नात्यातलं वाटावं असं ते जनावर त्यांनी कुठल्याशा परदेश दौऱ्यात पाहिलं होतं. पण सिंगापुरात फेरेट पाळायला परवानगी नाही, आणि ताई तर रिकाम्या रस्त्यावरसुद्धा सिग्नलचा हिरवा माणूस दिसेपर्यंत उभ्या राहणाऱ्या. मग जे नियमात बसतं ते आणलं. ताईंचे वडील सातारा जिल्ह्यात महसूल खात्यात होते, त्यामुळे नावं घरातूनच मिळाली. मामलेदार तपकिरी आणि जाडजूड, तलाठी लांब केसांचा, आणि कोतवाल काळा, सदा पळण्याच्या तयारीत.

ताई सत्तावन्न वर्षांच्या. लग्न केलं नाही. एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात मॅनेजर आहेत, आणि बुकित बातोकला नवव्या मजल्यावर आम्ही राहतो. आम्ही म्हणजे ताई, मी आणि महसूल खातं.

मी इथे आले ती आजींसाठी, म्हणजे ताईंच्या आईसाठी. मी मूळची कराडच्या बाजूची. शाळा नववीतून सुटली. इथे घरकामाच्या परवान्याला आठ वर्षांची शाळा लागते, म्हणजे मी एक वर्ष जास्तीचीच शिकलेली निघाले. आजींचं उठणं-बसणं, औषधं, जेवण, आंघोळ, सगळं माझ्याकडे होतं. साडेतीन वर्षं केलं. मग आजी गेल्या.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी बॅग भरून ठेवली. कुणी सांगायच्या आधी आपण तयार असलेलं बरं. गावाकडे माझी मुलगी नर्सिंगला होती, पहिल्याच वर्षाला, आणि तिचं शिक्षण माझ्या या नोकरीवर उभं होतं. पण ज्यांच्यासाठी मला आणलं ते माणूसच राहिलं नाही, तर मला कोण कशाला ठेवील?

संध्याकाळी ताई ऑफिसातून आल्या, दारातली बॅग पाहिली आणि बूट काढता काढता म्हणाल्या, "रविवारपासून या तिघांना आंघोळ घालायची आहे. एका माणसाचं काम नाही ते. एकानं धरायचं, एकानं पाणी घालायचं."

मी बॅग रिकामी केली. तोवर ते तिघे वर्षातून एकदा, दिवाळीला न्हायचे, तेही आजींच्या हौसेखातर. पण मी कशाला विचारते?

तर आता विधी सांगते. शनिवारी रात्री बाथरूमच्या दारावर कागद लागतो. त्यावर तीन नावं आणि प्रत्येकापुढे वजन. रविवारी निळ्या टबात चार बोटं पाणी. तळाला जुन्या सुती साडीची घडी, पाय घसरू नयेत म्हणून. पाणी अडतीस अंश. हाताला बरं लागतं, कोमट आहे, असलं बोलणं ताईंना चालत नाही; थर्मामीटर लागतो. सदतीस असेल तर थांबायचं, एकोणचाळीस असेल तरी थांबायचं. मामलेदार तोवर माझ्या हातात फुगून बसलेले. मग पहिला तांब्या घालताना ताई गंभीरपणे "हर गंगे" म्हणतात. कानात पाणी जाऊ द्यायचं नाही, तोंडावर घालायचं नाही. साबणाच्या जागी दुधात कालवलेलं डाळीचं पीठ. दुकानात जनावरांचा शाम्पू मिळतो, पण ताईंचं म्हणणं, ज्या पिठावर आपण सगळे वाढलो ते यांना चालणार नाही असं कुठे लिहिलंय? मामलेदारांना तर ते इतकं चालतं की ते आंघोळीत जेवूनही घेतात.

नंतर टॉवेल, मग ड्रायर, तोही दुरून. तलाठ्याचा मधोमध भांग. मागच्या बाजूचे केस बोथट कात्रीनं कापायचे, कारण तिकडे स्वच्छता राहत नाही; हे काम करताना ताई त्याची माफी मागतात. कोतवालाची नखं काळी, आतली शीर दिसत नाही, म्हणून मी खालून टॉर्च धरायची आणि ताईंनी टोकाचा तांदळाएवढा तुकडा काढायचा. त्या वेळी त्या श्वाससुद्धा घेत नाहीत. शेवटी प्रत्येकाला कोथिंबिरीची काडी, तीही क्रमानं.

एकदा ताईंच्या हाताखाली काम करणारा इथलाच एक मुलगा फोनवर म्हणाला होता, रविवारी दोन तास तरी यावं लागेल, सगळी सिस्टीम बंद पडली आहे. ताई म्हणाल्या, मामलेदार ओले आहेत. मग तो इथल्या बोलीत म्हणाला, "ओके लाह."

मला मात्र हे सगळं पाहताना कधीकधी हसू यायचं ते वेगळ्याच कारणानं. अगदी हाच तपशील मी आधी ऐकलेला होता, फक्त दाराच्या आतून. आजी लेकीच्या हातून आंघोळ करून घ्यायच्या नाहीत. तिच्यासमोर लाज वाटते म्हणायच्या, तिला मी न्हाऊ घातलंय, तिनं मला कशाला? माझी त्यांना लाज वाटायची नाही. मग मी आत आजींना पाटावर बसवून डोक्याला तेल लावायची, ऊन पाणी घालायची, आणि ताई बाहेर उभ्या राहून दाराशी बोलायच्या. पाणी किती आहे? पाठ घासलीस का? कानामागे? टाचा? शेवटी आजी वैतागून आतून म्हणायच्या, "तिला सांग, मी न्हातेय. ऑडिट नाही चाललं."

ताई तरीही हलायच्या नाहीत. टॉवेल आत देण्यासाठी हात तेवढा दारातून यायचा.

गेल्या महिन्यात कोतवालाच्या पाठीवरून कोंडा पडायला लागला. ताईंनी डाळीच्या पिठात दूध वाढवलं, कोंडाही वाढला. शेवटी टॅक्सी करून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणजे एक चिनी मुलगी, ताईंच्या निम्म्या वयाची. तिनं कोतवालाला उलटा केला, फुंकर मारून केस बाजूला केले आणि विचारलं, किती वेळा आंघोळ घालता? ताई भिंतीवरचा सशाचा तक्ता वाचू लागल्या. मीच म्हणाले, एव्हरी संडे. कशानं, ते सांगायला मला इंग्रजी पुरेना, म्हणून हातानं भजी तळल्याची खूण केली. ती तिला कळली, हे विशेष.

डॉक्टर ताईंकडे वळून म्हणाली, "आंटी, लास्ट इयर ऑल्सो आय टोल्ड यू. नो नीड टू बेद. ब्रश कॅन ऑलरेडी."

एवढं इंग्रजी मला येतं. आंघोळीची गरज नाही, ब्रश फिरवला की झालं. आणि हे ताईंना वर्षापूर्वीच सांगितलेलं होतं.

परतीच्या टॅक्सीत कोतवाल सोडून कुणी हालचाल केली नाही. माझं डोकं आपल्या वाटेनं चाललं होतं. ब्रश फिरवायला एक माणूस पुरतं. माझा परवाना पुढच्या महिन्यात संपत होता. ती तारीख मला मुलीच्या वाढदिवसासारखी पाठ होती. मुलीचं अजून निम्मं शिक्षण बाकी होतं. घरी आल्यावर मी कपाटावरची बॅग खाली काढली नाही, पण तिच्यावरची धूळ पुसून ठेवली.

शनिवारी रात्री दारावर कागद लागला नाही.

रविवारी मी नेहमीच्या वेळेला उठले, तर बाथरूममध्ये दिवा होता. निळा टब एका बाजूला उभा करून ठेवलेला. मधोमध आजींचा पाट, तोही पुसलेला. शेजारी बादलीत पाणी, त्यात थर्मामीटर. आणि वाटीत खोबरेल तेल. ताई जुना गाऊन घालून, केस मोकळे सोडून पाटावर बसल्या होत्या, पाठ दाराकडे.

"तुझा परवाना तीन आठवड्यांपूर्वीच वाढवलाय," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "दोन वर्षांनी. सांगायचं राहिलं." मग, "आईला लावायचीस तसं तेल लाव बघू."

मी मागे उभी राहिले. तेलात बोटं बुडवली. ताईंचे केस पातळ झालेत, मला माहीत नव्हतं. टाळूवर तेल जिरवलं, मग कानामागे, मग मानेला. आजींना लावताना बोटं जशी फिरायची तशीच फिरत होती, त्यांना काही सांगावं लागलं नाही. ताईंनी पाणी किती आहे हेसुद्धा विचारलं नाही.

मग म्हणाल्या, "मी बाहेर उभी असायची तेव्हा तेलाच्या वेळी आतून कसलाच आवाज यायचा नाही. मला वाटायचं, एवढा वेळ करता काय तुम्ही."

"काही नाही ताई," मी म्हटलं. "एवढंच."

बाहेर हॉलमध्ये पिंजऱ्यातून मामलेदारांनी शिट्टी मारायला सुरुवात केली होती. दिवा लागला, पाण्याचा आवाज झाला आणि तरी आपल्याला बोलावणं नाही, हे त्यांच्या हुद्द्याला पटत नव्हतं. त्यांच्यामागून तलाठी, त्याच्यामागून कोतवाल.

ताई उठल्या. केसांचा अंबाडा बांधला, वाटीत थर्मामीटर बुडवून तेल किती अंश आहे ते पाहिलं, आणि पाटाकडे बोट केलं.

"आता तू बस."

मी म्हटलं, अहो ताई, मला कशाला.

"क्रमानं, रेखा," त्या म्हणाल्या, "क्रमानं."

मी बसले. ताईंचा हात सवयीचा नव्हता. तेल फार झालं, थोडं कपाळावरून डोळ्यात ओघळलं, आणि डोळे पुसायला मला तेवढं कारण पुरलं.