सदर इसम गच्चीवर फेऱ्या मारतो

ज्या राष्ट्राला आपल्या नागरिकांची खरी काळजी असते, ते राष्ट्र नागरिकांकडे वरून पाहते. समोरून पाहिले तर नागरिक प्रश्न विचारतात. शेजारून पाहिले तर चहाला थांबा म्हणतात आणि कामाचा वेळ जातो. वरून पाहण्यात अशी कोणतीही अडचण नाही, शिवाय माणसे लहान दिसतात, ही प्रशासनाच्या दृष्टीने मोठीच सोय आहे.

आता वरून म्हणजे कशातून, हा प्रश्न निरीक्षण विभागापुढे आला तेव्हा तो रीतसर कक्ष अधिकाऱ्याच्या टेबलावर येऊन पडला. कक्ष अधिकारी चाळिशी ओलांडलेला, हुशार आणि टिपणी लिहिण्यात पटाईत होता. त्याने उंचावरच्या फुग्याच्या बाजूने जी टिपणी लिहिली, ती आजही नव्या भरतीला नमुना म्हणून दाखवतात. उपग्रह, त्याने लिहिले, कायम घाईत असतो. भोज्याला शिवल्यासारखा येतो आणि जातो. विमानाला इंधन लागते आणि वैमानिकाला भत्ता. फुगा मात्र वीसेक किलोमीटरवर दिवसेंदिवस ठाण मांडून बसतो, खर्च किरकोळ, आवाज नाही. वेगवेगळ्या उंचीवर वारे वेगवेगळ्या दिशांना वाहतात; फुगा थोडा वर किंवा खाली होऊन आपल्या सोयीचा वारा पकडतो आणि जागा टिकवतो. (हे तत्त्व वरिष्ठांना समजावून सांगावे लागले नाही.)

पण खरा मुद्दा त्याने शेवटी लिहिला होता. उपग्रह सगळे पाहतो, पण तो कोणाला दिसत नाही, त्यामुळे त्याच्या धाकाने कोणी सुधारत नाही. फुगा दिसतो. मान वर केली की पांढरा ठिपका. राष्ट्राला फुगा हवा तो याचसाठी.

फुगा मंजूर झाला. कॅमेऱ्याचे घोडे मात्र अडले, कारण फुगा खर्चाच्या एका लेखाशीर्षाखाली होता आणि कॅमेरा दुसऱ्याखाली, आणि दुसऱ्यात पैसे नव्हते. आर्थिक वर्ष संपत आलेले. फुगा वेळेत वर गेला नसता तर त्याचेही पैसे परत गेले असते. तेव्हा कॅमेऱ्याच्या वजनाचे तीन भंगारातले टाइपरायटर खाली बांधून फुगा सोडण्यात आला. ही गोष्ट फक्त विभागाच्या संचालकांना आणि कक्ष अधिकाऱ्याला माहीत होती. तीन टाइपरायटर शहरावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवू लागले.

परिणाम थक्क करणारा होता. बाल्कनीतून कचरा फेकणारे लोक कचरा घेऊन जिना उतरू लागले आणि झाडाखाली फेकू लागले. गच्चीवर भांडणारी जोडपी घरात येऊन भांडू लागली. एका बिल्डरने बेकायदा मजल्यावर कुंड्या मांडल्या. विभागाच्या पाहणीत शहात्तर टक्के नागरिकांना सुरक्षित वाटू लागल्याचे दिसले, एकोणीस टक्क्यांना असुरक्षित, आणि उरलेल्या पाच टक्क्यांनी ‘हे विचारतंय कोण?’ असे विचारले. (त्यांचे पत्ते घेतले आहेत.)

पण सर्वांत मोठा चमत्कार कक्ष अधिकाऱ्याच्या स्वतःच्या घरात झाला.

त्याच्या वडिलांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती. वडील वीज खात्यातले निवृत्त मीटर तपासनीस. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते, रोज गच्चीवर फेऱ्या मारा; नाही मारल्यात तर गुडघा आखडेल आणि मग कॉट सुटायची नाही. मुलगा रोज सकाळी मोबाइलवरची नजर न काढता ‘बाबा, चाला हं’ म्हणायचा आणि कामावर जायचा. वडील ‘हो’ म्हणायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. चालून दाखवायचे तर कोणाला, असे ते एकदा सुनेला म्हणाले होते.

फुगा आला आणि वडिलांनी दाढी केली. इस्त्रीचा शर्ट घालून, कठड्याला धरून, ते गच्चीवर गेले. वर पाहून नमस्कार केला आणि चालू लागले. रोज. आठवडाभरात कठडा सुटला.

रात्री जेवताना त्यांनी मुलाला विचारले, “आज माझं दिसलं का रे तिकडे?”

“दिसलं.”

“काय म्हणाले?”

“ठीक म्हणाले.”

“ठीक म्हणजे काय? नीट सांग की. एवढं सरकार बघतंय.”

कक्ष अधिकारी टिपणीत पटाईत होता हे वर आलेच आहे. “डावा पाय जरा ओढताय म्हणाले,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून वडील डावा पाय कटाक्षाने उचलून टाकू लागले. शस्त्रक्रिया उजव्या गुडघ्याची होती, हे कक्ष अधिकाऱ्याला बायकोकडून कळले. वडिलांना ते अर्थातच माहीत होते; पण सरकार म्हणतेय म्हणजे डावाही बिघडला असणार, असे त्यांनी स्वतःची समजूत घालून घेतली.

असे सगळे सुरळीत चालले असताना संचालकांनी फुगा शेजारच्या शहरावर हलवण्याचा आदेश काढला. हे शहर पुरेसे सुधारले होते. फुगा गेला की बाबा भिंतीकडे तोंड करणार, हे कक्ष अधिकाऱ्याला स्वच्छ दिसत होते. सत्य सांगावे तर गोपनीयतेची शपथ आडवी, आणि सत्य सांगूनही गुडघा वाकला नसता. त्याला आयुष्यात एकच गोष्ट नीट येत होती, ती त्याने केली. टिपणी लिहिली.

‘सदर इसम रोज ठरावीक वेळी गच्चीवर येतो. एकाच दिशेने फेऱ्या मारतो. मधेच थांबून वर पाहतो व नमस्कार करतो. डावा पाय विनाकारण उंच उचलतो. हेतू स्पष्ट होत नाही. सबब फुगा आहे तेथेच ठेवणे राष्ट्रहिताचे ठरेल.’

संचालकांनी टिपणी दोनदा वाचली आणि त्याला बोलावून घेतले.

“फुग्यात कॅमेरा नाही. मग हे पाहिलं कोणी?”

पण उत्तराची वाट न पाहता संचालकांनी प्रश्न तिथेच सोडला, कारण हा प्रश्न कागदावर विचारला असता तर कॅमेरा नाही हेही कागदावर आले असते. त्यांनी सुवर्णमध्य काढला. फुगा ठरल्याप्रमाणे हलवावा. सदर इसमावर पुढील आदेशापर्यंत एका हवालदाराने समक्ष पाळत ठेवावी.

फुगा गेला त्या दिवशी कक्ष अधिकारी ऑफिसातून लवकर निघाला. घरी कॉट रिकामी होती. तो धावत जिना चढून गच्चीवर आला. पाण्याच्या टाकीच्या सावलीत साध्या कपड्यातला हवालदार खुर्ची टाकून बसला होता, आणि वडील इस्त्रीच्या शर्टात फेऱ्या मारत होते.

“आजोबा, उजवा,” हवालदार म्हणत होता. “डाव्याचं सोडा हो, तो धडधाकट आहे. उजवा वाकवा.”

“बरं बरं,” वडील म्हणाले आणि उजवा वाकवला. मग त्यांचे मुलाकडे लक्ष गेले. “तू कसा काय आलास वर? बरंय ना सगळं?”

“तुम्हाला बघायला आलो.”

“मला? हे आहेत की.” त्यांनी हवालदाराकडे हात केला आणि आवाज खाली आणला, पण त्यातला अभिमान काही खाली येईना. “माझ्यावर पाळत आहे म्हणे. कोणीतरी माझ्याबद्दल वर कळवलंय. किती वाजता येतो, कसा चालतो, नमस्कार करतो, सगळं. अरे, केवढं लक्ष देऊन बघत असेल तो माणूस. तुमच्याच खात्यातला असेल. तुला माहीत आहे का कोण ते?”

कक्ष अधिकाऱ्याला लाज वाटली. टिपणीतला शब्द न् शब्द त्याने बायकोला विचारून लिहिला होता. बाबांना चालताना तो आज पहिल्यांदाच पाहत होता.

“नाही माहीत,” तो म्हणाला.

“कोण का असेना, भलं होवो त्याचं,” वडील म्हणाले. “तू जा खाली. तुला कामं असतील.” आणि ते पुढच्या फेरीला लागले.

ही हकीकत हवालदाराच्या तोंडून गावभर झाली आणि विभागाने काळाची गरज ओळखून ज्येष्ठ नागरिक निरीक्षण योजना जाहीर केली. कोणत्याही सुजाण मुलाने वा मुलीने अर्ज केल्यास आईवडिलांच्या घरावर फुगा आणून ठेवण्यात येतो. प्रतिसाद प्रचंड आहे. परगावी, परदेशी आणि त्याच घरातल्या पुढच्या खोलीत राहणाऱ्या मुलांचे अर्ज रोज येतात. फुगा केव्हा येणार, किती दिवस राहणार, शुल्कात सवलत आहे का, अशा चौकशा सतत सुरू असतात. आई कशी दिसते, बाबा कसे दिसतात, असे मात्र अद्याप एकाही अर्जदाराने विचारलेले नाही. तुमचा अर्ज मिळाला आहे.