माझ्या ताटाचा फोटो

नागोजीराव रोज दुपारी एक वाजता माझ्या ताटाचा फोटो काढायला येतात. माझा नाही, ताटाचा. मी वाढून घ्यायचं, बाजूला सरायचं, राव खिडकीचा पडदा ओढणार, फोन वर धरणार आणि म्हणणार, "कुलकर्णी सार, ती कोशिंबीर जरा पुढं घ्या. मार्क मिळतात."

राव समोरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात. मूळचे तंजावरचे मराठी, जन्म गेला चेन्नईत. जुनी मराठी आणि तमिळ यांचं सांबार करून बोलतात. महानगरपालिकेत अन्न-तपासनीस होते. मिरचीत विटेची पूड आणि कॉफीत चिकोरी शोधण्यात सगळी नोकरी सरली, त्यामुळे कुठलाही पदार्थ ते आधी आरोपी धरतात.

दहा मिनिटांत घरी येणाऱ्या भाजीवर त्यांचा फार राग. "दहा मिनिटांत येती म्हणजे काय? ती आधीच कोपऱ्यावर येऊन उभी होती. तुम्हांस भूक लागणार हें त्यांस तुमच्याआधी ठाऊक!" पूर्वी संशय आला तर ते दुकानदाराला समोर उभं करत. "आता कुणास उभं करूं? फोनला?"

अशा माणसाच्या फोनात मुलानं आहाराचं ॲप घालून दिलं. मुलगा सिंगापूरला. रावांना मधुमेह आहे. रोजच्या जेवणाचा फोटो टाकायचा, ॲप मार्क देतं आणि ते मुलाला दिसतात. मार्क सतत घसरले तर त्यांना कोइंबतूरच्या वृद्धनिवासात ठेवायचं, असं मुलानं सांगून टाकलं होतं. राव हे घर सोडायला तयार नव्हते. म्हणून माझं ताट.

माझं ताट चांगलं असतं, यात माझं कर्तृत्व नाही. माझी बायको सुमन गेल्याला वर्ष होत आलं. तिनं फोनवर लावून ठेवलेली, दर सोमवारी आपोआप येणारी किराण्याची यादी मी बंद केलेली नाही. नाचणी येते, पालेभाजी येते, मूग येतात. आलेलं वाया कसं घालवायचं, म्हणून शिजवतो.

एकदा मी पिठलं केलं. ॲपला ती अंड्याची भुर्जी वाटली. "शाब्बास नागोजी! तू प्रथिनं वाढवलीस!" असा निरोप आला. राव फोन हातभर लांब धरून उभे राहिले. "अय्यो, सात पिढ्यांत अंडं शिवलं नाही आम्ही! आणि नागोजी म्हणतं मज! आई गेल्यावर कुणी म्हटलं नव्हतं." पिठल्याचे मार्क मात्र त्यांनी परत केले नाहीत.

मलाही हळूहळू संशयाची लागण झाली. मधुमेहाचा माणूस, माझ्या ताटाआड हा स्वतः खातो काय? सुमनच्या वाढदिवसाला मी खीर केली, तर राव म्हणाले, "वाटी फोटोबाहेर घ्या सार, सांपडेन मी." खायचा आग्रह केला तर "घरीं जेवण तयार आहे" म्हणून निघून गेले. टी. नगरच्या बाजारातून ते कापडी पिशवी छातीशी धरून येत, तेव्हा मी दाराच्या भिंगातून पाहू लागलो. त्या पिशवीत मैसूरपाक असणार, याची माझी खात्रीच झाली होती. पुस्तकं वाचण्यात आयुष्य गेलेला माणूस, मी एका शेजाऱ्यावर पाळत ठेवत होतो.

परवा फोटो काढून जाताना राव चष्मा विसरले. तो द्यायला गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. खरं सांगायचं तर मी मुद्दामच आवाज दिला नाही. चोरी पकडायचीच होती.

राव स्वयंपाकघरात ओट्याशी उभे होते. कुकरच्या भांड्यातच दही कालवलेलं, त्यातूनच चमच्यानं दहीभात खात होते. टी. नगरची ती पिशवी शेजारी, तिच्यातली लिंबाच्या लोणच्याची बरणी उघडी होती. मैसूरपाक नाही, काही नाही. मांडणीत पाचसहा ताटं उभी होती, त्यांवर बोटानं नाव लिहिता येईल एवढी धूळ.

मला पाहून त्यांनी भांड्यावर झाकण ठेवलं. सापडलेला दुकानदार ठेवतो तसंच.

"एकच भांडं घांसावं लागतं," ते म्हणाले.

"रोज असंच?"

"पोराची आई कमला गेल्यापासून. आठ वर्षं." त्यांनी चष्मा घेऊन उगाच पुसला. "गोड खातों असं पोराला वाटलं तर ओरडेल, बस्स. उभ्यानं भांड्यांतून जेवतों हें कळलं, तर ओरडणार नाही. येऊन घेऊनच जाईल."

चोरून आत शिरलेला मी तसाच दार लोटून परत आलो.

काल मी दोन ताटं वाढली.

रावांनी फोन काढला आणि थांबले. "हें दुसरं कुणाचं? कोण येणार?"

"कुणी नाही."

"मग कां वाढलंत? हेतु काय?"

"जेवायचा."

त्यांनी शेवग्याची शेंग उचलून उजेडात धरली. "कुठली?"

"ॲपवरचीच, दहा मिनिटांतली."

"विश्वास नाही," म्हणाले, आणि बसले. आमटी त्यांनी दोनदा घेतली. भाकरी मोडताना ती कुठल्या पिठाची, हेही विचारलं नाही.

दोन वाजता फोन वाजला. राव माझ्याकडे बघू लागले. मी डाव्या हातानं स्पीकरचं बटण दाबून दिलं.

"अप्पा, फोटो कां नाही आला? जेवलां नाही काय?" मुलाचा आवाज घाबरलेला होता.

"जेवतोंय रे."

"एकटेच?"

"समोरचे सार आहेत. बरे दिसतात. अजून तपासतोंय."

"सरी, बरं, मग फोटो टाका ना अप्पा."

रावांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं, आमटीभातानं भरलेल्या.

"आता नाही रे," ते म्हणाले, "हात खरकटा आहे माझा."