विनाअपघात चाळीस वर्षे

सन १९९४ च्या मे महिन्यात बोनकोडे गावच्या दिपेश गोटीराम मढवी, वय वर्षे एकवीस, यास नोकरी लागली आणि लागल्या क्षणीच ती धोक्यात आली. पावण्याच्या औद्योगिक पट्ट्यातील एका पंपाच्या कारखान्याने त्याला विक्री प्रतिनिधी म्हणून घेण्याचे कबूल केले होते. तळोजा, रसायनी, पाताळगंगा असा दौरा होता. अट एकच. प्रतिनिधीच्या मालकीची मोटार हवी, तिचा पूर्ण विमा हवा आणि कागद एक तारखेच्या आत दाखल झाले पाहिजेत, नाहीतर जागा दुसऱ्याला. मोटार होती. वडिलांनी जुनी मारुती घेऊन दिली होती. लायसनही होते, बारा दिवसांपूर्वीचे. राहता राहिला विमा, म्हणजे एक सही आणि एक शिक्का, असे दिपेशला वाटत होते. एकविसाव्या वर्षी माणसाला असेच वाटते.

कारखाना ज्या जमिनीवर उभा होता तिथे वीस वर्षांपूर्वी मढव्यांचे भात होत असे. त्या फाटकातून मढव्यांपैकी आजवर दोघेच आत गेले होते, एक वॉचमन म्हणून आणि एक चोरी करताना. टाय लावून जाणारा दिपेश पहिलाच ठरणार होता. आई पुतळाबाईंनी ही बातमी दिवाळे गावाहून येणाऱ्या कोळणीपासून किराणा दुकानापर्यंत पोचवली होती. त्यामुळे आता नोकरी गेली असती तर ती घरातल्या चौघांची नव्हे, साऱ्या गावाची गेली असती.

वाशीतल्या एका विमा कंपनीच्या शाखेत हौसेराव नावाचे अधिकारी बसत. ते मूळचे सांगलीकडचे. स्वभावाने अत्यंत सज्जन, आणि कुणाचेही काम अडवताना त्यांना मनापासून वाईट वाटत असे. त्यांनी दिपेशला बसायला खुर्ची दिली, पाणी मागवले आणि परिपत्रकांची फाईल उघडली.

"वय पंचवीसच्या आत आहे," ते म्हणाले. "म्हणजे जादा आकार. लायसन नवीन आहे, म्हणजे पुन्हा जादा आकार. लग्न झालंय?"

"नाही साहेब."

"म्हणजे घरी जायची ओढ नाही. गाडी रस्त्यावर जास्त राहणार. जादा आकार."

"आणि झालं असतं तर?"

"मग घरी जायची घाई असते. वेग वाढतो. त्याचं कलम वेगळं आहे, पण आकार तोच."

बेरीज झाली तेव्हा विमा गाडीपेक्षा महाग निघाला. हौसेरावांनी आकडा दोनदा तपासला, कारण त्यांना अन्याय खपत नसे. दोन्ही वेळा तो सारखाच आल्यावर त्यांचे समाधान झाले. दिपेशने विचारले, की हे कमी होणार कसे? हौसेराव म्हणाले, अगदी सोपे आहे, तीन वर्षे विनाअपघात गाडी चालवल्याचा अनुभव आणा. दिपेश म्हणाला, विम्याशिवाय चालवली तर पोलीस पकडतील. हौसेराव म्हणाले, पकडलेच पाहिजे. दिपेश म्हणाला, मग अनुभव येणार कुठून? हौसेरावांनी चष्मा काढून पुसला. हा प्रश्न त्यांना याआधी अनेक तरुणांनी विचारला होता, आणि प्रत्येक वेळी त्यांना तरुण पिढीच्या उतावीळपणाचे नवल वाटले होते.

तरीही पोरगा रडकुंडीला आलेला पाहून त्यांच्यातला माणूस जागा झाला. त्यांनी फाईल मागे-पुढे चाळली आणि एक परिपत्रक काढले. त्यानुसार पन्नाशी ओलांडलेल्या, दीर्घ व निर्धोक वाहनानुभव असलेल्या मालकास सर्वांत कमी दर होता. तेव्हा गाडी वडिलांच्या नावावर करून टाका, असे त्यांनी सुचवले.

बोनकोड्यात याचे कुणालाही काही वाटले नाही. जमीन सरकारात गेली तेव्हा मोबदला थोरल्याच्या नावावर आला, बदल्यात भूखंड मिळाला तोही थोरल्याच्याच. त्यामागोमाग घर, वीजमीटर, नळ, फोन, गॅस, सगळे त्याच्याच नावावर जाई, मग वापरो कुणीही. कागद थोरल्याचा आणि काम धाकट्याचे, ही गावची रीतच होती. मोटार तेवढी गोटीरामांनी मायेपोटी पोराच्या नावावर घेतली होती आणि त्याबद्दल भावकीत त्यांना बोलणीही बसली होती. ती चूक सुधारायची आयती संधी मिळाली म्हणून सगळ्यांना बरेच वाटले. आठवड्याच्या आत नावबदल झाला आणि चौपन्न वर्षांचे गोटीराम धुतलेला सदरा घालून हौसेरावांसमोर येऊन बसले.

गोटीराम हा सरळ माणूस. त्यांनी पहिल्याच वाक्याला सांगून टाकले, "सायेब, मना गारी येत नाय. लायसन पन नाय."

"मालकाला लायसन लागत नाही," हौसेराव म्हणाले. "मालकाला अनुभव लागतो. आयुष्यात कुठलं वाहन चालवलंय का?"

"बैलगारी. भात, मीठ, पेंढा, सगला वाहायचो. चौदा वर्सांचा व्हतो तवापासून."

हौसेरावांनी वाहन या शब्दाची व्याख्या काढून वाचली. तिच्यात चाकांचा उल्लेख होता, इंजिनाचा नव्हता. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी अर्ज पुढे ओढला आणि स्वतःच्या हस्ताक्षरात भरायला घेतला. इंजिनांची संख्या: दोन. इंजिनांची नावे: चांद्या व मोऱ्या. इंधन: पेंढा. वाहन चालवल्याचा कालावधी: बावीस वर्षे. जमीन गेली त्या साली बैल विकले.

"त्यानंतरची अठरा वर्षं?"

"काय नाय चालवला."

"त्या अठरा वर्षांत तुमच्या हातून एखादा अपघात?"

"वाहानच नव्हता, सायेब."

"म्हणजे नाही," हौसेरावांनी लिहिले आणि बावीस अधिक अठरा मिळून चाळीस वर्षे केली.

गोटीरामांचे मन खात होते. एकदा खैरण्याच्या उतारावर गाडी मिठासकट खाजणाच्या चिखलात उलटली होती आणि ज्योतिबा म्हणून गावचाच एक गडी होता, त्याचा पाय मोडला होता. तो अजून लंगडत असे. ही गोष्ट दडवणे त्यांना पाप वाटले आणि त्यांनी ती सांगितली. दिपेशने डोळे मिटून घेतले.

"त्याबद्दल कुठे क्लेम केला होता?" हौसेरावांनी विचारले.

"म्हंजे?"

"कुठल्या कंपनीकडून भरपाई मागितली होती?"

"नाय. त्याला आमी हलद लावली."

"मग अपघात झाला नाही," हौसेराव म्हणाले. पुढे मात्र या चाळीस वर्षांना साक्षीदार हवा, असे निघाले. गोटीरामांसोबत बावीस वर्षे बसलेला माणूस एकच होता. तेव्हा ज्योतिबा लंगडत वाशीला आले आणि गोटीराम मढवी यांच्या हातून आजवर कुणालाही इजा झालेली नाही, या मजकुराखाली त्यांनी अंगठा उठवला.

विमा निघाला आणि तो अगदी स्वस्तात निघाला. पॉलिसीच्या मागच्या बाजूस एक अट होती, की वाहन इतर कोणी चालवीत असल्यास अनुभवी मालकाने देखरेखीसाठी वाहनात हजर राहावे. दिपेशने कागद घेऊन थेट पावणे गाठले. महिन्याची तीस तारीख होती.

कारखान्यात कर्मचारी विभाग अरुणा मॅडम पाहत. त्या कडक होत्या, पण पक्षपाती नव्हत्या. त्यांनी कागद वाचले, पुन्हा वाचले आणि पेन खाली ठेवले. प्रतिनिधीच्या मालकीची विमा उतरवलेली मोटार, ही अट होती. मोटार गोटीराम मढवींच्या मालकीची होती, विमाही त्यांचाच होता. तेव्हा अट पूर्ण करणारा उमेदवार दिपेश नव्हताच. अट पूर्ण करणारा उमेदवार बाहेर गाडीत देखरेख करत बसला होता.

दिपेशने समजावून पाहिले. वडील सातवी नापास आहेत, पंप त्यांनी फक्त शेजारच्या विहिरीवर पाहिला आहे, हे सगळे सांगितले. मॅडम म्हणाल्या, की शिक्षणाची अट शिथिल करण्याचा अधिकार त्यांना आहे, मोटारीच्या अटीचा नाही. शिवाय चाळीस वर्षांच्या निर्धोक अनुभवाचा दाखला असलेला अर्ज त्यांच्या टेबलावर आजपर्यंत आला नव्हता. दुसऱ्या दिवशी गोटीरामांना नेमणूकपत्र मिळाले.

घरी मोठी पंचाईत झाली. पुतळाबाईंनी गावभर सांगितले होते की घरात साहेब होणार. साहेब झाला होता, पण भलताच. त्यांनी दोन दिवस तोंड लपवले आणि मग नवऱ्याच्या टायला इस्त्री केली. दिपेशला खरोखर वाईट वाटले. वडिलांचा राग येत नव्हता, कारण त्यांनी काही केलेच नव्हते, आणि राग काढायचा तर कुणावर, हेही कळत नव्हते. हौसेरावांनी मदत केली होती. मॅडमनी न्याय केला होता. सगळी चांगली माणसे एकत्र आली होती.

पुढली चार वर्षे दिपेशने गाडी चालवली. तळोज्याच्या, रसायनीच्या कारखान्यांत साहेब म्हणून गोटीराम पुढे चालत आणि मागून बॅग घेऊन दिपेश. बोलायचे ते दिपेशच बोले. पंप किती फुटांवरून पाणी ओढतो, सील कोणते, हमी किती, हे सगळे तो घडाघडा सांगे आणि गोटीराम मान डोलावत. गिऱ्हाइकांना वाटे, साहेब किती मुरलेला आहे, ड्रायव्हरलासुद्धा तयार केलाय. खप तिप्पट झाला. रस्त्यावर गोटीरामांची देखरेख चालूच असे. उतार आला की ते हळूच म्हणत, "कासरा तान." दिपेश ब्रेक दाबे. त्याच्या हातून चार वर्षांत साधा ओरखडा उठला नाही आणि त्याबद्दलची सूट दरवर्षी गोटीरामांच्या नावावर जमा होत गेली.

अठ्ठ्याण्णव साली गोटीराम अठ्ठावन्न वर्षांचे झाले आणि नियमाप्रमाणे निवृत्त झाले. कारखान्याने त्यांना शाल, नारळ आणि उत्कृष्ट विक्रेता म्हणून एक पितळी पंप दिला. जागा रिकामी झाली. दिपेशने अर्ज केला. आता तो पंचविसाचा होता. विमा आपल्याही नावावर परवडेल असा हिशोब त्याने आधीच करून ठेवला होता आणि वडिलांनी आनंदाने गाडी परत त्याच्या नावावर करून दिली होती. या वेळी कुठेच काही अडत नव्हते. पुतळाबाईंनी मात्र या खेपेला कोळणीलाही काही सांगितले नाही.

मुलाखतीला अरुणा मॅडम होत्या. त्यांच्या शेजारी, या जागेच्या कामाची खरी जाण असलेले तज्ज्ञ म्हणून कारखान्याने मुद्दाम बोलावलेले, गोटीराम होते. त्यांनी टाय लावला होता. बापलेकांनी एकमेकांकडे पाहिले आणि दिपेशला चार वर्षांत पहिल्यांदाच हायसे वाटले.

दिपेशने पंपाबद्दल विचारलेले सगळे सांगितले. गिऱ्हाइकांची नावे सांगितली, त्यांच्या मुलांची नावेही सांगितली. मॅडम खूश दिसल्या. त्यांनी अर्जातल्या अनुभवाच्या रकान्यावर बोट ठेवले. तो कोरा होता. चार वर्षांच्या प्रत्येक ऑर्डरवर सही गोटीरामांची होती. मॅडमनी गोटीरामांकडे वळून त्यांचे मत विचारले.

गोटीरामांनी पोराकडे पाहिले. त्यांचा जीव तुटत होता. पण चार वर्षे ते साहेब होते, आणि साहेबाला खुर्चीत बसून काही गोष्टी दिसू लागतात, ज्या त्याला गाडीत बसून दिसत नाहीत.

"पोर हुशार हाय," ते म्हणाले. "पन विक्रीचा काम हाय, मॅडम. दोन-चार वर्सं कुटं करून आला असता, तर बरा व्हता."

मॅडमनी मान डोलावली. त्या जागेवर दिघ्याचे एक अनुभवी गृहस्थ घेण्यात आले. त्यांना पंपातले काही कळत नव्हते, पण पूर्वी ते सव्वीस वर्षे एका ठिकाणी होते.

गोटीराम चुकले, असे तुम्हाला वाटत असेल. बाप असून असे वागले, म्हणून तुम्ही चुकचुकलाही असाल. फक्त तुमच्या दुकानात, ऑफिसात किंवा सोसायटीच्या कमिटीपुढे मागच्या महिन्यात जो पोरगा काम मागायला आला होता, त्याला तुम्ही कामाबद्दल एक तरी प्रश्न विचारलात का, एवढे आठवून पाहा. तो अजून तुमच्या फोनची वाट बघतो आहे.