डॉक्टरांच्या दाढेला कीड

"माझ्या दातांना कीड? अहो, माझं नाव ऐकूनच ती पळते!" दातांचे डॉक्टर प्रत्येक पेशंटला हे ऐकवायचे. साखर किती खाता यापेक्षा दिवसातून किती वेळा खाता ते बघा, हेही बजावायचे. आणि पेशंट गेला रे गेला की थर्मासमधला गोड चहा घोटभर घ्यायचे. दिवसातून वीस वेळा!

कीडच ती, तिला डिग्री काय कळणार! मंगळवारी सकाळी डावी दाढ अशी ठणकली की डॉक्टरांना दिवसा तारे दिसले. स्वतःच्या दाढेत स्वतः ड्रिल कसं घालणार? त्यातून इंजेक्शन म्हटलं की त्यांना लहानपणापासून धडकी भरायची. पण हे पेशंटांना कळलं तर अब्रूच गेली! शेवटी दाढेखाली लवंगेच्या तेलाचा बोळा धरून, तोंडाला रुमाल बांधून ते निघाले. कुठे? पलीकडच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे! ज्यांना दहा वर्षं नावं ठेवली, त्यांच्याच दारात!

बाकावर कोण बसलेलं? त्यांचाच जुना पेशंट, शिंपी! तो ताडकन उठला. रुमालाचा काही उपयोग नव्हता, कारण डॉक्टरांचा शर्ट त्यानेच शिवला होता.

"डॉक्टर, तुम्ही? मी आपला... पंख्याखाली बसायला आलो होतो!"

बोळा सुटेल म्हणून डॉक्टरांना तोंड उघडता येईना. "हं," ते म्हणाले.

"बोलत नाही म्हणजे फारच रागावलात! मला शोधत इथवर आलात?"

"ऊंहूं! ऊंहूं!"

"चुकलो साहेब! हे डॉक्टर तसेही बाहेर गेलेत. चला, तुमच्याच खुर्चीत बसतो!"

शिंप्याने डॉक्टरांचा दंड धरला आणि भर रस्त्यातून त्यांना ओढत नेलं. पेशंट कोण आणि डॉक्टर कोण, हे बघणाऱ्यांना कळेना. खरं तर डॉक्टरांनाही कळेनासं झालं होतं.

दवाखान्यात पोहोचतात तो काय, खुर्ची आधीच भरलेली! तोंडाला रुमाल, एक गाल टम्म फुगलेला. पलीकडच्या गल्लीतले डॉक्टर!

आपल्या डॉक्टरांच्या तोंडातून बोळाच गळून पडला. "तुम्ही?"

"तुम्ही?" म्हणत ते दुसरे टुणकन खाली उतरले. "बसा, बसा. आधी तुम्ही!"

"छे, छे! तुम्ही पाहुणे!"

"पण खुर्ची तुमची!"

मध्ये शिंपी उभा. दोघांचीही नजर एकदमच त्याच्यावर गेली.

पुढच्या मिनिटाला शिंपी आडवा! एकाने इंजेक्शन दिलं, दुसऱ्याने कीड कोरून काढली, खड्डा दोघांनी मिळून भरला. इतक्या हलक्या हाताने त्या दोघांनी आजवर कुणाचाच दात धरला नव्हता.

शिंपी उठून बसला. आपापला गाल दाबून दोन्ही डॉक्टर त्याच्यावर वाकले.

"खरं सांगा हं," आपले डॉक्टर अगदी काकुळतीला येऊन म्हणाले, "दुखलं का हो?"

शिंप्याने गाल चाचपला, जीभ फिरवून बघितली आणि मान हलवली.

"सगळं बधीर आहे, डॉक्टर. काय ते संध्याकाळी सांगतो!"

तो घरी गेला. दोन्ही डॉक्टर बाकावर जाऊन संध्याकाळ व्हायची वाट बघत बसले.